दुसऱ्या रविवारची खोली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर तर मी टेबलावर हात आपटून नेमकं उलटं बोललो – ते पुढे येईलच. तुम्हाला वाटेल, इतक्या वर्षांनी माणसाचं मन जड झालं असेल. तसं काही नाही. माझं जेवण कमी झालेलं नाही, कामही कमी झालेलं नाही. मी रडायला बसलेलो नाही आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवावा अशी इच्छाही नाही. फक्त एक माणूस माझ्या करणीचा डाग अंगावर घेऊन नालासोपाऱ्यात फिरतोय, आणि येता-जाता मला दिसतोय. म्हणून.

पण थेट तिथे नाही जाता येत मला. आधी मी कोण, ते ऐका.

मी फिजिओथेरपिस्ट. पुढे ऑस्टिओपॅथीही शिकलो. सोप्या भाषेत सांगायचं तर गोळीच्या आधी हात. पाठ, मान, खांदा, कंबर – बोटांनी शोधायचं, बोटांनीच सैल करायचं. वडील सातिवलीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, पण मी वाढलो नालासोपारा पूर्वेला, जिथे खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी. शिकवण्या घेऊन शिकलो. पहिलं क्लिनिक म्हणजे एका शिंप्याच्या दुकानाचा मागचा अर्धा भाग, मध्ये पडदा. पुढे तो शर्ट-पॅंट शिवायचा, मागे मी कंबरा बघायचो. भाड्यासाठी मी त्याच्याशी इतका घासलो की शेवटी तो हसायलाच लागला. म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही शिवायला बसा, मी पाठी दाबतो. धंदा तुमचाच चालेल."

घासाघीस हा माझा स्वभाव आहे. लाज नाही मला त्याची. ज्याच्या मागे काही नसतं त्याला तोंडच वापरावं लागतं. आणि ते तोंड तापट आहे, हेही खरं. माझ्याबद्दल कोणीही हे दोन शब्द सांगेल – घासू आणि तापट. भित्रा असं कोणी म्हणणार नाही. त्यांना माहीत नाही, एवढंच.

वसईपासून विरारपर्यंतच्या आमच्यासारख्यांची एक संघटना आहे. मोठ्या संघटनेची इथली छोटी शाखा. मी तिच्यात गेलो तो मतलबाने; खोटं कशाला बोलू? ओळखी होतील, पेशंट येतील, एवढाच हिशेब. पण मग मला डेंग्यू झाला. तेव्हा राऊत सरांनी, म्हणजे आमच्या शाखेच्या सर्वांत जुन्या माणसाने, माझ्या त्या पडद्यामागच्या खोलीत रोज संध्याकाळी येऊन माझे पेशंट बघितले. पापडीला स्वतःची वाडी, स्वतःचं मोठं क्लिनिक असलेला माणूस. मी बरा झाल्यावर एकूण एक पेशंट परत माझ्याकडे आला. एकही तिकडे वळला नाही, कारण सरांनी वळू दिला नाही. आमच्या शाखेत ही रीतच होती. कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी बाळंतपण आलं, की दुसऱ्याने जाऊन त्याच्या खुर्चीत बसायचं आणि उठताना खुर्ची होती तशी सोडायची. मुंबईतल्या मोठमोठ्या परिषदांना मी गेलोय. गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी, चकाचक जेवण. पण माझ्या खुर्चीत येऊन बसेल असं तिथे कोण होतं?

मीही काही फुकट घेतलं नाही. मशीनच्या डीलरला मी असा धरला की शाखेतल्या सगळ्यांना एकाच वेळी, एकाच पडत्या भावात मशिनं मिळाली. विरारला एका सहकाऱ्याच्या दारात पेशंटचे नातेवाईक माणसं जमवून आले, तेव्हा पायरीवर उभा राहिलो तो मी. शर्ट फाटला माझा. एक हॉस्पिटल आमच्या लोकांना राबवून त्यांचं नावसुद्धा बोर्डवर लावत नव्हतं. तिथे जाऊन भांडलो तोही मीच. मग शाखेचा अध्यक्ष निवडायची वेळ आली की काय व्हायचं? "सावंत फार कामाचा माणूस आहे हो, पण जरा फटकळ." पुढच्या वेळी पुन्हा तेच. भांडायला सावंत, हार घालून घ्यायला दुसरं कोणी. हे मला तेव्हा बोचलं, आजही बोचतं आणि ते मी मागे घेणार नाही. हा अन्याय होता. ठासून सांगतो.

पण त्या अन्यायाचं पुढे मी काय केलं, ते सांगायचंय ना?

आता त्या खोलीबद्दल.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमची बैठक पापडीला, एका शाळेच्या मागच्या खोलीत भरायची. चर्चमधली सकाळची मिस्सा संपवून आमचे ख्रिस्ती सहकारी यायचे, बाकीचे आपापल्या घरून. राऊत सर घरच्या वाडीतली केळी आणायचे, कधी वाळवलेली सुकेळी. आधी इकडचं तिकडचं, मग कोणाची काही अडचण, मग चहा. आणि चहानंतर सर उठून दार लावायचे. मोबाइल सगळ्यांनी खिडकीत ठेवायचे. सर विचारायचे, "आज आपली केस कोणाची?"

आपली केस म्हणजे आपण चुकलेली केस. यशाच्या गोष्टी सांगायला बंदी होती. ज्याच्याकडे असेल त्याने उठायचं, कुठे चुकलो ते सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. हसायचं नाही, उपदेश करायचा नाही. आणि दार उघडल्यावर त्यातला शब्दही उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही काय भानगड? आपलं खोटं नाणं आपणच चव्हाट्यावर मांडायचं? पण मी तिथे जे शिकलो ते कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. कॉलेजात बरोबर काय ते शिकवतात. माझ्यासारखाच शहाणा माणूस नेमका कुठे घसरतो, हे त्या खोलीत कळायचं.

एका रविवारी रेजिना उठली.

रेजिना माझ्याच वयाची. पापडीची, क्लिनिक वसई गावात. हात इतका चांगला की माझ्या स्वतःच्या आईचा खांदा मी तिच्याकडे नेला होता. बोलणं कमी, पण बोलली की नेमकं लागायचं. मला एकदा म्हणाली होती, "सावंत, तुम्ही पेशंटला बरं करता की त्याच्याशी भांडून दुखणं पळवून लावता?" सगळे हसले होते, मीही.

त्या रविवारी मात्र ती खाली बघून बोलत होती. पाचूबंदरची एक बाई, मासळी विकणारी. कंबर धरलेली. रेजिनाने विचारलं, पाटी किती जड, कुठून कुठवर नेता, डोक्यावर की कमरेवर... सगळं विचारलं आणि ठरवलं की हे ओझ्याचं दुखणं. काही आठवडे उपचार केले. थोडं बरं वाटायचं, पुन्हा दुखायचं. मध्ये एकदा बाई म्हणाली, "बाय, रातचं लय दुखतं. उठून पानी पिते नि बसून ऱ्हाते." रेजिनाने तिला गादी बदलायला सांगितलं.

"गादी बदला म्हणाले मी," रेजिना म्हणाली. "ती रात्रीचं दुखणं सांगत होती आणि मी गादी ऐकली."

मणक्याचा टीबी होता. पायातली ताकद जायला लागली तेव्हा लक्षात आलं. मग रेजिनानेच तिला मुंबईला नेलं, सगळीकडे सोबत फिरली. बाई वाचली, औषधांनी बरी झाली, पण एक पाऊल ओढतच चालायला लागली. घरच्यांनी रेजिनाला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट मासळी पाठवायचे. तेच तिला सहन होत नव्हतं.

सर एवढंच म्हणाले, "बस, बाळा." आणि त्यानंतर वसई ते विरार आमच्यापैकी प्रत्येकाने कंबरदुखीच्या प्रत्येक पेशंटला विचारायला सुरुवात केली – रात्री दुखतं का? पडून राहिल्यावर बरं वाटतं की नाही?

मीही.

आणि इथे मला थोडं थांबावं लागतंय. कारण पुढचं सांगितलं की माझ्या बाजूने बोलायला माझ्याकडेच काही उरत नाही.

काही महिन्यांनी माझ्याकडे सातिवलीच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलणारा एक माणूस आला. धिप्पाड. कंबर धरलेली. खोकी उचलतो, कंबर धरली; यात विचारायचं काय? मी त्याला पालथा झोपवणारच होतो. हात टाकणारच होतो. आणि रेजिनाची गादी आठवली. विचारलं. तो म्हणाला, "रात को ही तो मारता है, साहब." मी हात मागे घेतला. तपासण्या करायला पाठवलं. तेच निघालं. पण लवकर निघालं, आणि तो माणूस आज सरळ चालतो. त्या दिवशी त्याच्या कंबरेवर मी माझं नेहमीचं जोर लावायचं काम केलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे. तुम्हाला सांगत नाही.

म्हणजे रेजिना त्या खोलीत उठून बोलली म्हणून माझा पेशंट वाचला. मीही वाचलो. हे मी तिला कधी सांगितलं का? नाही. आणि मी जे केलं ते याच्यानंतर केलं. आधी नाही – नंतर.

वसई पूर्वेला एक नवं हॉस्पिटल उघडत होतं. नाव सांगत नाही. त्यांचा यात दोष नाही. फिजिओथेरपीचा सबंध विभाग ते बाहेरच्या एकाच माणसाला चालवायला देणार होते. मी अर्ज केला. रेजिनानेही केला, एकमेकांना माहीत होतं. तिने मला शुभेच्छाही दिल्या होत्या – "ज्याला मिळेल त्याने दुसऱ्याला पार्टी द्यायची हं." मी शेवटच्या बोलणीला गेलो. एसी केबिन, समोर तिथले व्यवस्थापक, गुळगुळीत माणूस. आमचं घासणं रंगात आलं होतं. अशा वेळी मी सुखात असतो. आणि मध्येच तो सहज म्हणाला, "कसं आहे सावंत, त्या रेजिनाबाईंची तयारी तुमच्यापेक्षा कमी पैशांत आहे. शिवाय तुमच्या संघटनेच्या सरांना मी फोन केला होता. त्यांनीही त्या बाईंचंच नाव सांगितलं."

राऊत सरांनी तिचं नाव सांगितलं. माझ्या खुर्चीत बसून माझे पेशंट राखणाऱ्या सरांनी. मी पायरीवर उभा राहिलो, शर्ट फाडून घेतला, डीलरला झुकवला – आणि विचारल्यावर नाव कोणाचं? तिचं.

आता तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात बोलून गेला असेल. मला ओळखणारे सगळे हेच म्हणतील, आणि हीच पळवाट मला नको आहे. रागात मी ओरडतो. त्या केबिनमध्ये मी ओरडलो नाही. मी शांत झालो. सौद्यात समोरच्याने मोठा पत्ता टाकला की मी गप्प होतो, पाणी पितो, विचार करतो. तसंच केलं. पाणी प्यायलो. आणि मग तिची स्तुती केली.

म्हणालो, "रेजिनाबाई ना? उत्तम. हात एक नंबर. माझ्या आईला मी त्यांच्याकडेच नेलं होतं." थांबलो. मग म्हणालो, "ते पाचूबंदरचं एक झालं तेवढं सोडलं तर... पण जाऊ दे, कोणाच्या हातून होत नाही?"

आणि पुन्हा थांबलो. मला माहीत होतं तो विचारणार. अर्धं वाक्य टाकायचं आणि समोरच्याला ओढू द्यायचं. हे मी मशीनच्या डीलरवर, शिंप्यावर, घरमालकावर हजारदा केलंय. त्याने विचारलं. मी म्हणालो, नको, ते आमच्या आपसातलं आहे. त्याने पुन्हा विचारलं. मग मी सांगितलं. मासळीवाली, मणका, ओढणारं पाऊल. गादीसुद्धा सांगितली. ती बाईला स्वतः मुंबईला घेऊन गेली, हे सांगितलं नाही. त्या प्रश्नामुळे माझा माणूस वाचला, तेही नाही.

विभाग मला मिळाला. आजही मीच चालवतो. आणि चांगला चालवतो. कोणीही येऊन बघावं.

रेजिनाला हॉस्पिटलवाल्यांनी बोलावून घेतलं होतं, नकार द्यायच्या आधी. आणि त्या मासळीवालीबद्दल तोंडावर विचारलं होतं. गादीबद्दलही. म्हणजे तिला कळलं की हे त्या खोलीतूनच बाहेर गेलंय. घरच्यांना गादीचं माहीत नव्हतं, मुंबईच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. ते शब्द तिने एकाच ठिकाणी उच्चारले होते.

पुढच्या दुसऱ्या रविवारी ती आली. चहा घेतला नाही. सरांनी दार लावल्यावर उभी राहिली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मला फक्त एवढंच विचारायचंय, इथून कोण बोललं? काम गेलं त्याचं नाही. मला परत इथे बोलता यावं म्हणून विचारते."

आणि मग बोलला कोण? सावंत. मी टेबलावर हात आपटला. म्हणालो, "हे खपवून घ्यायचं नाही! ज्याने केलं त्याला शाखेतून हाकला! आज नाव कळलंच पाहिजे!" सरांनी मला खाली बसवलं. रेजिना म्हणाली, "राहू द्या, सावंत. तुम्ही तरी आहात." त्या वाक्यावरसुद्धा मी गप्प बसलो नाही. अजून बोललो. भित्रा माणूस गप्प बसतो असं तुम्हाला वाटतं का? मलाही तसंच वाटायचं.

आणि बोलता बोलता लोकांच्या नजरा एका दिशेला वळल्या, त्या मी वळू दिल्या. शुक्लाजींकडे. हे आमचे सहकारी. नालासोपाऱ्याला माझ्या क्लिनिकपासून दोन गल्ल्यांवर यांचं क्लिनिक. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरकडचे, इथे माझ्याइतकीच वर्षं घासलेली. यांच्या चुलतभावाची बायको त्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. शुक्लाजींना कळलं. ते उठले, हात जोडले, म्हणाले, "मी नाही. देवाची शपथ, मी नाही." त्यांचं मराठी चांगलं आहे. पण घाबरल्यावर उच्चार उघडा पडतो, आणि त्या खोलीत तो उच्चार एकदम परका वाटला. मला तर वाटायला नको होता. नालासोपाऱ्याचा पोरगा म्हणून मीही याच खोलीत कितीतरी वेळा बाहेरचा ठरलो होतो. ती नजर अंगावर कशी येते ते या सगळ्यांत मला एकट्याला ठाऊक होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर ती नजर माझ्याकडे आली असती. नाही बोललो.

त्यानंतर शुक्लाजी आलेच नाहीत. मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. त्यांच्या खुर्चीत बसायला कोणी गेलं नाही. शाखेत राहून ज्याची सोय होते, तो शाखेतून उठला की काय होतं, ते दोन गल्ल्यांवरून मी बघितलं. क्लिनिक बंद, दारावर चिकटवलेला कागद, आणि त्यांचे पेशंट विचारत विचारत माझ्याकडे यायला लागले. मी त्यांना परत पाठवले? काहींना. सगळ्यांना नाही.

आणि ती खोली? सर म्हणाले, "आता केस सांगायचीच असेल तर पुस्तकातली सांगा." त्या म्हाताऱ्या माणसाने हे म्हणताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्यावर त्यांचा संशयच नव्हता. आता दुसऱ्या रविवारी मशीन कंपनीची माणसं येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, समोसे असतात. दार उघडंच असतं. आत असं काही बोललंच जात नाही.

यंदा शाखेने मला अध्यक्ष केलं. हो, शेवटी केलं. मागच्या महिन्यात नव्याने पास झालेली मुलंमुली बोलावली होती आणि मला बोलायचं होतं, इथल्या शाखेत का यावं. मी बोललो, आणि जोरात बोललो. मशिनं सांगितली, डेंग्यू सांगितला, खुर्ची होती तशी सोडायची ते सांगितलं, फाटलेला शर्ट सांगितला. टाळ्या मिळाल्या. सगळं खरं होतं. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. विचारलं, "सर, माझ्या हातून काही चुकलं तर ते इथे सांगता येईल का? म्हणजे, कोणाला सांगायचं?"

साधा प्रश्न. खोलीतल्या जुन्या माणसांनी खाली बघितलं. आणि मी काय म्हणालो माहितेय? "चूक होऊच द्यायची नाही!" हशा पिकला. मुलगी ओशाळून खाली बसत होती.

तेवढ्यात मागून रेजिना बोलली. अजून येते ती, मागच्या खुर्चीत बसते, कधी काही बोलत नाही. उठून म्हणाली, "बाळा, माझ्याकडे ये. मला सांग. माझीही एक सांगेन तुला."

तिचं काम गेलं होतं ते असं सांगण्यामुळे. नाही – चुकीचं लिहिलं. तिचं काम गेलं ते माझ्यामुळे. बघा, अजूनही हात असा वळतो.

त्या दिवशी हे लिहायचं ठरवलं. घरी बायकोने विचारलं, काय खरडताय? म्हटलं, शाखेचं काम आहे. तेही एक खोटंच, पण फार खोटं नाही.

आता काही गोष्टी स्पष्ट करतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. विभाग मी सोडणार नाही. तो मी कष्टाने उभा केलाय. मिळवला कसा, ते वर लिहिलंय. दोन्ही खरं आहे. अध्यक्षपद काढून घ्यायचं असेल तर घ्या. मी भांडणार नाही, आणि माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. मला डावललं ही तक्रार माझी कायम आहे. तिचा या गोष्टीशी काही संबंध नाही, हेही मी जाणतो. डावलले गेलेले पुष्कळ असतात. सगळे काही त्या केबिनमध्ये पाणी पिऊन स्तुती करत नाहीत.

माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्यावर काहीतरी देण्याची पाळी येते. हो म्हणायचं, नाही म्हणायचं, निदान ऐकून घ्यायचं. मला देवाणघेवाण चांगली कळते, आणि यात मला काहीही घ्यायचं नाही.

शुक्लाजी, ते तुम्ही नव्हता. तुम्ही त्या दिवशी खरं बोललात, आणि ते खरं आहे हे त्या खोलीत एका माणसाला माहीत होतं.

रेजिना, तुम्ही विचारलं होतं, इथून कोण बोललं. मी बोललो.